शिफारशीचा परतीचा आहेर

व्यावसायिक ओळखींच्या एका साईटवर टाकलेला माझा फोटो पाहून बायकोनं विचारलं, "हे कोण?"

फोटोत मी लग्नातला ब्लेझर घातला होता. तो पुढून मिटत नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्यानं मला हातांची घडी घालायला लावली. पोट आत घ्यायच्या नादात मान वर गेली आणि मी कुणावर तरी खटला भरून आल्यासारखा दिसायला लागलो. खाली मी इंग्रजीत लिहिलं होतं की हा गृहस्थ उत्पादनक्षेत्रात परिवर्तन घडवतो. प्रत्यक्षात हा गृहस्थ मुकुंदवाडीत स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बनियनवर बसून, कुणी काम देतंय का, ते बघत होता.

काम म्हणजे फिक्श्चरचं डिझाईन. कारखान्यात एखाद्या भागाला भोक पाडायचं असेल तर तो भाग तसूभरही हलून चालत नाही. त्याला घट्ट धरून ठेवणारी जी लोखंडी बैठक असते, ती फिक्श्चर. अर्धं आयुष्य मी याच बैठका काढत आलो. मग आमच्या कंपनीनं तो विभागच बंद केला, आम्हाला जेवण दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वेळ बघायला घरी पाठवलं.

चाकणला माझे जुने साहेब होते. ते म्हणाले, "जागा ठेवतो तुमच्यासाठी. पण महिनाअखेरपर्यंत कळवा." चाकण मला माहीत होतं. मी तिथं पूर्वी दोन वर्षं काढली होती, एका खोलीत चौघं, एक बाथरूम, आणि दोरीवर कायम कुणाचा तरी ओला टॉवेल तोंडासमोर. बायको इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती हलू शकत नाही. त्या दोन वर्षांत मी घरी रविवारचा पाहुणा झालो होतो. एकदा तर मी माझ्याच घरात विचारलं होतं, "चमचे कुठं ठेवता तुम्ही?" बायको त्यावर हसली नव्हती. तेव्हा पुन्हा चाकण नको, घरी बसून सुटी-सुटी कामं घ्यायची, असं ठरलं. महिनाअखेरीच्या आत एक काम मिळालं पाहिजे, एवढीच अट होती.

कुणीतरी सांगितलं की अशी कामं आता त्या व्यावसायिक ओळखींच्या साईटवर मिळतात. गेलो.

मी आयुष्यात बऱ्याच घाण जागा पाहिल्या आहेत. कटिंग ऑईल साचलेले खड्डे पाहिलेत, कंपनीच्या कॅन्टीनची मागची बाजू पाहिली आहे. पण त्या साईटवर पहिल्या आठवड्यात मला जी मळमळ आली ती वेगळीच. जो तो उठून जगाला कळवत होता की कळवताना त्याला अत्यंत आनंद होत आहे. एकाची नोकरी गेली होती, त्यालाही आनंद होत होता. एकाचे वडील वारले होते आणि त्यातून तो नेतृत्वाचे पाच धडे शिकला होता. खाली शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी त्या वडिलांचाच विचार करत बसलो. मुलगा धडे घेतोय हे त्यांना कळलं असतं तर ते आणखी चार दिवस जगले असते, निदान दोन थोबाडीत द्यायला तरी.

आणि मग मी काय केलं? मीही लिहिलं. आमच्या गल्लीत आठवड्यातून कधीतरी नळाला पाणी येतं आणि तेव्हा सगळी गल्ली नळ्या, मोटारी, ड्रम घेऊन धावते. त्यावर मी 'पाणी भरताना मी टीमवर्कविषयी काय शिकलो' असा लेख टाकला. टीमवर्क कसलं! त्याच दिवशी माझं शेजाऱ्याशी मोटारीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानं माझी आणि मी त्याची लायकी काढली होती. लेखाला अकरा टाळ्या पडल्या. त्यातल्या दोन मला चक्क गोड लागल्या, हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

टाळ्यांनी काम येत नव्हतं. मग मला उमगलं की या साईटवर दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे तुमच्या हुन्नरावर ओळखीच्या लोकांनी शिक्के मारलेले असावेत. दुसरं, कुणीतरी तुमच्याबद्दल चार ओळींची शिफारस लिहिलेली असावी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. तेव्हा मी एक शिफारस स्वतःच तयार केली. 'यांच्याइतका बारीक नजरेचा फिक्श्चर डिझायनर उभ्या मराठवाड्यात मी पाहिला नाही. स्कूटरच्या एंजिन कव्हरला पकडायला आधी सहा बोल्ट आवळावे लागत, यांनी ते काम एका लिव्हरवर आणलं.' लिव्हरची गोष्ट खरी होती. ते मी केलं होतं आणि त्याचा मला आजही गर्व आहे. हा मजकूर मी एका जुन्या सहकाऱ्याला पाठवला. म्हटलं, तुझ्या नावानं टाक. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि टाकला काही नाही.

शेवटी आपली माणसं ती आपली. मी नातेवाइकांना फोन लावले. आत्येभाऊ, मावसभाऊ, मेहुणा, जो जो त्या साईटवर होता त्याला सांगितलं, "माझ्या फिक्श्चर डिझाईनवर एक शिक्का मार." सगळ्यात आधी धावून आले माझे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंग बघतात. खोके, थर्माकोल, चिकटपट्ट्या. फिक्श्चर म्हणजे काय, हे त्यांनी मला फोनवरच विचारलं.

"भिंतीतलं का?" ते म्हणाले.

"ते नाही. तुम्ही नुसतं दाबा."

"दाबलं! अजून काय दाबू?"

त्यांनी माझं जे जे होतं ते सगळं दाबलं. जर्मन भाषेवरसुद्धा शिक्का मारला. ती मी उगाच टाकली होती.

पंधरा दिवस गेले आणि एका सकाळी बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "धाकटीचा फोन आला होता. म्हणत होती, आमच्याकडून तुम्हाला सगळं झालं, तुमच्याकडून आमच्या ह्यांना काहीच नाय."

"काय काहीच नाय?"

"ते शिक्के का काय ते. अहो, घेतलं तर परत करायला लागतं की नाय? आणि आपण मोठे. जरा वजनदार करा, एक टिकली लावल्यासारखं नको."

आता आमच्याकडं आहेराचा नियम काय असतो ते वेगळं सांगायला नको. त्यांनी टॉवेल-टोपी दिली तर आपण निदान शर्टपीस द्यायचा. थोरल्या जावयानं धाकट्यापेक्षा हलका आहेर केला, ही गोष्ट आमच्या सासुरवाडीत तीन पिढ्या सांगितली जाते. मी विचार केला, नुसता शिक्का हलका पडेल, शिफारसच लिहू. पण पॅकिंगवर काय लिहिणार? 'हे खोके छान चिकटवतात'? तयार मजकूर एकच होता, तो सहकाऱ्यानं न वापरलेला. मी तो उचलला आणि साडूंना चिकटवला. लिव्हरसकट. वर फिक्श्चर डिझाईनवर शिक्काही मारला. कोण वाचतंय, म्हटलं. आहेरातला शर्टपीस कुणी शिवतं का? तो पुढच्या लग्नात पुढं सरकतो.

साईटनं साडूंना विचारलं, हे कौशल्य तुमच्या पानावर दाखवू का? साडू कुठल्याही प्रश्नाला 'हो' दाबतात.

त्यानंतर मी वाळूजच्या लहान कारखानदारांना पत्रं पाठवायचा सपाटा लावला. साईटवर एखादा अमेरिकन माणूस काम देईल म्हणून वाट बघून डोळे शिणले होते, आता गावातलाच कुणी चालला असता. महिना संपायला नऊ दिवस होते. त्या दिवशी पाणी आलं होतं. मी लुंगी वर खोचून ड्रममध्ये नळी धरून उभा, आणि फोन वाजला.

"ते फिक्श्चरवाले ना? तुमचं पत्र आलंय मला." आवाज वयस्कर, खणखणीत. त्यांनी आपल्या वर्कशॉपचा पत्ता सांगितला, मालक आहे म्हणाले.

"हो साहेब! बोला साहेब!" मी नळीसकट सरळ झालो.

"मला एक कायमचा माणूस पायजे. महिन्याला दोन-तीन फिक्श्चर निघतात माझी. घरी बसून काढा, माझी हरकत नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. ड्रम भरून वाहायला लागला होता.

"तर मी तुमचं पान बघितलं," मालक म्हणाले, "आणि तुम्ही ज्यांची शिफारस केली ना, त्यांचं बघितलं. सहा बोल्टचं काम एका लिव्हरवर आणलं म्हणे. असा माणूस पायजे मला. त्यांचा नंबर द्या की."

माझा लिव्हर. तो माणूस माझ्या लिव्हरचं कौतुक माझ्याकडंच करत होता आणि नंबर खोकेवाल्याचा मागत होता.

"खरंच एवढा भारी आहे का हो तो?" त्यांनी विचारलं.

हा तो क्षण होता. 'साहेब, तो मी' एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर शिफारस खोटी, म्हणजे मी खोटा. 'नाही' म्हटलं तर जळका. आतून बायको ओरडत होती, "अहो नळी! नळी बघा! दिवाणखान्यात पाणी आलं!"

"फार भारी आहेत," मी म्हणालो. आणि नंबर दिला.

संध्याकाळी साडू इमरती घेऊन आले. मोठा खोका, अर्थात अप्रतिम पॅक केलेला. बरोबर मेहुणी. साडू बसायच्या आधीच सुरू झाले, "साडूभाऊ, काय लिहिलंत तुम्ही! तो माणूस मला सर म्हणतोय हो. आयुष्यात मला कुणी सर म्हटलं नव्हतं."

"तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"काय सांगणार? हो म्हटलं. मग विचार केला, मला तर यातलं झाट काय कळत नाय." त्यांनी बायकांकडं बघून जीभ चावली. "पण तुम्ही आहात की! काम तुम्ही काढायचं, नाव माझं. घरातलं घरात. तुम्हाला काम पायजे का नाय?"

"ताई, दाजी घरी राहतील बघ," मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली.

बायकोनं इमरतीचा एक तुकडा मोडला आणि माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत चाकण दिसत होतं. मला साडूंचा राग येत होता, पण त्यांचं चुकलं काय होतं? त्या माणसानं कुठंही फसवलं नव्हतं. मी दिलेलं घातलं आणि अंगाला बसतंय म्हणून आरशात बघितलं. शिसारी आली ती मला माझीच, कारण मी लगेच 'हो' म्हणालो. एवढंच नाही, म्हणताना इमरतीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडूंच्या स्कूटरवर वाळूजला निघालो. पुढं साडू, इस्त्रीच्या शर्टात. मागं मी, मांडीवर मापं घ्यायच्या व्हर्नियर आणि स्केलची पिशवी. छावणीच्या पुढं गेल्यावर ते मान वळवून म्हणाले, "एक सांगू? राग मानू नका. तिथं तुम्ही माझे असिस्टंट म्हणून चला. नायतर त्यांना संशय येईल."

"बरोबर आहे," मी म्हणालो. मी त्यांच्या पाठीआड होतो म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड त्यांना आरशात दिसलं असतं.

वर्कशॉप लहान पण चोख होतं. मालक साठीचे, हातांवर जुने चटके, पूर्वी स्वतः टूलरूममध्ये राबलेले. त्यांनी साडूंना खुर्ची दिली. मला स्टूल. मग कपाटातून अॅल्युमिनियमचं एक ओतीव झाकण काढलं, वेडंवाकडं, एकही बाजू सपाट नाही असं, आणि साडूंच्या हातात दिलं.

"हे बघा, याला बाजूनं चार भोकं पाडायचीत. आमच्याकडं दरवेळी हलतंय. तुम्ही याला कुठं धराल?"

साडूंनी ते झाकण निरखून पाहिलं. उलटं केलं. हलवून कानाशी नेलं, जणू आत काही वाजतंय. मग आत्मविश्वासानं दोन्ही हातांनी घट्ट पकडलं.

"असं," ते म्हणाले.

मालकांनी त्यांच्या दोन्ही हातांकडं बोट दाखवलं. "मग मशीन कोण चालवंल?"

"असिस्टंट," साडू म्हणाले आणि झाकण माझ्याकडं दिलं.

ते हातात आलं आणि माझी बोटं आपोआप फिरायला लागली. ओतीव मालाचं असं असतं, त्याला वरून दाबायचं नसतं, त्याला स्वतःहून बसू द्यायचं असतं. टेकायला खाली तीन जागा, कडेला दोन, टोकाला एक. मी आतल्या बाजूच्या तीन गोळ्या, म्हणजे ओततानाच वर आलेले तीन उंचवटे, दाखवल्या. "इथं बसवा साहेब. तुम्ही बाहेरच्या कडेवर धरताय, ती कड साच्यातच वाकडी येतेय. आणि इथून एकच लिव्हर द्या, एका झटक्यात पकडेल, सुटेल."

"लिव्हर," मालक म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. खिशातून मोबाईल घेतला, ती शिफारस उघडली आणि मोठ्यानं वाचली, सावकाश, एकेक शब्द. 'उभ्या मराठवाड्यात मी पाहिला नाही.' स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं, दुसऱ्याच्या नावावर चढवलेलं, तिसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं हे मी कुणाला समजावू शकणार नाही. शेजारी साडू मान खाली घालून आपल्या शर्टाचं बटण बघत होते.

"हे एंजिन कव्हर कुणी केलं?" मालकांनी मला विचारलं.

"मी."

"मग यांच्या नावावर कसं?"

मी सगळं सांगितलं. शिक्के, टॉवेल-टोपी, शर्टपीस, धाकटी बहीण, सहकारी, सगळं. सांगता सांगता मला वाटलं होतं की ते हसतील. गोष्ट मी रंगवून सांगतो, लोक हसतात, आणि हसले की माफ करतात. आजवर माझं असंच निभलं होतं. त्यांच्या ओठाचा कोपरा एकदा हललाही. पण ते हसले नाहीत. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला.

साडू हळूच म्हणाले, "साहेब, काम खरंच यांना येतं. त्यांनाच द्या. मी जातो."

"येतं, ते दिसलं मला," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पण असं आहे, तुम्ही घरी बसून ड्रॉईंग पाठवणार. त्यावर माप लिहिलेलं असणार. त्या मापावर मी लोखंड कापणार. एकदा कापलं की कापलं. ते माप खरं का आहेराचं, मी कसं ओळखू?"

"मापात मी कधी खोटं लिहिलं नाही साहेब."

"नसंल लिहिलं. पण काल फोनवर मी तुम्हाला सरळ विचारलं होतं ना, खरंच भारी आहे का म्हणून?"

चहा आला, तो मी पूर्ण प्यायलो, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं. निघताना मालकांनी कामाचं नाव काढलं नाही, आतल्या तीन गोळ्यांवर खडूनं फुल्या मारून घेतल्या आणि म्हणाले, "हे बरोबर सांगितलंत." त्यांनी ते वापरलं असणार. वापरावंच.

परत येताना घराच्या कोपऱ्यावर साडूंनी मला उतरवलं तेव्हा ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं फोनवर, फिक्श्चर म्हणजे काय ते. तुम्ही म्हटलात, नुसतं दाबा." आणि गेले. त्या माणसाला एक दिवस सर म्हटलं गेलं होतं, तेही मी घालवलं.

घरी येऊन मी आधी ती शिफारस काढून टाकली. साईटनं विचारलं, नक्की काढायची? मी दाबलं. तासाभरात मेहुणीचा फोन. बायको आतल्या खोलीत जाऊन बोलली, बराच वेळ. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"दिलेला आहेर कुणी काढून नेतं का हो? ती रडतेय. म्हणतेय, आमच्या ह्यांना चारचौघांत नागडं केलं."

"तो खोटा होता."

"देताना नव्हता का?"

मी तिला वाळूजची गोष्ट सांगितली. यावेळी रंगवली नाही. दोन्ही हातांनी झाकण धरल्याचंसुद्धा सरळ सांगितलं, त्यामुळे ते मुळीच गमतीचं वाटलं नाही. ती ऐकत भाजी निवडत होती. मेथी होती, तिनं देठ आणि पानं दोन्ही एकाच ताटात टाकली आणि तिच्या लक्षात आलं नाही.

"म्हणजे त्या माणसानं आधी तुम्हाला फोन केला," ती म्हणाली, "नळी धरली होती तेव्हा."

"हो."

"तेव्हा म्हणाला असतात, साहेब, ते मीच केलंय, माझ्या हातून चुकून यांच्या पानावर लिहिलं गेलं. तर?"

"तर दिलं असतं त्यांनी काम. बहुतेक."

"मग?"

एवढंच विचारून ती ताटातलं पुन्हा वेगळं करायला लागली, देठ इकडं, पानं तिकडं. मी त्या 'मग'ला बरीच उत्तरं शोधली. लाज वाटली, घाई होती, पाणी सांडत होतं, सासुरवाडी होती. सगळी खरी होती आणि एकही चालण्यासारखं नव्हतं.

महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते. उगाच सात आणि सहा व्हायची वाट कशाला बघायची? मी तिच्यासमोरच चाकणला फोन लावला.

"बोला," साहेब म्हणाले, "काय ठरलं मग?"

"येतो साहेब."

"घरी विचारलंत का?"

मी बायकोकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"विचारलं," मी म्हणालो. आणि मग फोन न ठेवता म्हणालो, "नाही साहेब. विचारलं नाही, नुसतं सांगतोय. तिला नको आहे. पण येतो."

साहेब म्हणाले, "सोमवारी सकाळी या."